चाळीस शिपाई आणि सोलापूरचं ऊन

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका तरुणाचा आहे. मामेभावाने परदेशातून येताना त्यांच्यासाठी प्लास्टिक सैनिकांचा खोका आणला: टेबलावर लढाईचा खेळ मांडायचे, जोडून रंगवायचे, २८ मिलिमीटर मापाचे. नेपोलियनच्या काळातलं ब्रिटिश पायदळ, चाळीसेक शिपाई. चौघं जोडून झाले, एप्रिलमध्ये गच्चीवर नेऊन स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, मारला, तर सगळ्यांच्या अंगावर रवाळ, खरखरीत थर बसला. आता त्यांना विचारायचंय की हे चौघं वाचतील का, सामान कुठलं घ्यावं, चाळीस शिपाई खरंच पूर्ण होतात का, आणि पुढे आपलं, म्हणजे मराठ्यांचं सैन्य करता येईल का.

चौघंही वाचतील. आधी हे कशामुळे झालं ते सांगतो, कारण सोलापुरात हे पुन्हा पुन्हा होणार. स्प्रेच्या डब्यातून रंगाचे बारीक थेंब निघतात, ते ओले असतानाच प्लास्टिकवर बसून पसरायला हवेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. त्यात डब्यावर लिहिलेलं तीस सेंटिमीटरचं अंतर पाळलं, तर थेंब हवेतच सुकतात आणि भुकटी होऊन आकृतीवर बसतात. उपाय तीन. उन्हाळ्यात स्प्रे पहाटे सहाच्या सुमारास, वारा सुटायच्या आत मारायचा. अंतर पंधरा-वीस सेंटिमीटरवर आणायचं आणि हात थांबू न देता छोटे-छोटे फवारे द्यायचे. आणि आकृत्या रात्रभर घरात ठेवून ऐनवेळी गच्चीवर न्यायच्या; तापलेल्या कठड्यावर मांडून ठेवायच्या नाहीत. डबाही उन्हात ठेवू नका, तो धोका वेगळाच. खरं सांगायचं तर स्प्रेसाठी आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो ते दिवस, संक्रांतीच्या आगेमागे. तेव्हा हवा कोरडी पण थंड असते. मोठं काम असेल तर ते डिसेंबर-जानेवारीत उरकावं. एरवी ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर आणून ठेवा. वेळ जास्त जातो, पण त्याला ऋतू नाही.

खरखरीत झालेल्या चौघांना आधी जुन्या मऊ टूथब्रशने कोरडंच घासून बघा, वरवरची भुकटी असेल तर निघून जाते. नाही निघाली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून मग घासा. ते मिळालं नाही तर घरातलं डेटॉलही चालतं, मात्र पहिल्यांदा घासताना पाणी लावू नका. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो. डेटॉलमध्येच घासायचं, मग भांड्याच्या साबणाने धुवायचं. हातमोजे घाला. स्प्रे गाड्यांच्या लॅकरचा असेल तर तो यानेही सुटणार नाही, आणि म्हणून कुणी थिनरमध्ये टाकायला सांगितलं तर मुळीच ऐकू नका. थिनरमध्ये शिपाईच विरघळेल. अशा शिपायांवर तसाच रंग द्या आणि त्यांना मागच्या रांगेत उभं करा.

आता मुद्द्याचं. एक आकृती रंगवणं आणि सैन्य रंगवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेकांचं सैन्य अर्धवट राहतं ते ही दोन कामं एकच समजल्यामुळे. पहिल्या शिपायावर आठ दिवस घालवले, डोळ्यातली बुबुळंसुद्धा काढली, आणि पाचव्यापर्यंत येता येता हुरूप संपला, असंच होतं. सैन्य टेबलावर मांडलं की आपण ते हात-दीड हातावरून बघतो. तिथून बुबुळ दिसत नाही. दिसतो तो डगल्याचा लाल, त्यावरचे पांढरे पट्टे, चेहऱ्याची उजळ बाजू आणि पायाखालची जमीन. या चार गोष्टी चाळीसही जणांवर सारख्या असतील तर सैन्य देखणं दिसतं, मग एकेकाच्या बटणावर रंग जरा ओघळलेला असला तरी. सोलापूरकराला हे समजावायला फार लागू नये. चादरीचं सूत एका वेळेला रंगवलेलं नसेल तर विणल्यावर पट्टा उठून दिसतो, मग नक्षी कितीही चांगली असो. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी वहीत लिहून काढा: कुठल्या जागी कुठली बाटली, कुठल्या क्रमाने, त्यावर कुठला वॉश (खळग्यांत उतरून सावली देणारा पातळ रंग), आणि तळाला कुठली माती. रंग शक्यतो बाटलीतला जसाच्या तसा वापरा. तुम्ही आज दोन रंग मिसळून सुंदर लाल बनवाल, पण पुढच्या महिन्यात तोच लाल परत बनणार नाही.

जोडणीकडे लोक घाईने बघतात, तिथे थोडं थांबा. शिपायांचे सुटे भाग ज्या फ्रेमला जोडलेले येतात, तिच्यावर साच्यातला तेलकट थर राहिलेला असू शकतो, त्यामुळे आख्खी फ्रेम कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. भाग हाताने मोडून काढू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तारा कापायचा सपाट तोंडाचा निपर मिळतो, तो या कामाला उत्तम. साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे आकृतीवर बारीक रेघ उठते, ती कटरच्या पात्याच्या पाठीने खरवडून काढायची. टोपीवर आणि बंदुकीच्या नळीवर ही रेघ राहिली तर पुढे वॉश तिच्यात बसतो आणि ती दुप्पट दिसते. खांद्यावरची किंवा बगलेतली राहिली तरी चालेल.

चिकटवायला कडक प्लास्टिकसाठी प्लास्टिक सिमेंट घ्या. तामियाची हिरव्या टोपणाची पातळ सिमेंटची बाटली ऑनलाइन हॉबी दुकानांतून येते. हे सिमेंट दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे सांधा पक्का होतो. फेविक्विकनेही चिकटतं, पण तो सांधा ठिसूळ असतो. शिपाई फरशीवर पडला की हात निखळतो. धातूच्या किंवा रेझिनच्या आकृत्यांना मात्र फेविक्विकच लागतं, कारण सिमेंट त्यांना विरघळवत नाही. धातूचा जड हात किंवा भाला असेल तर दोन्हीकडे एक मिलिमीटरचं भोक पाडून आत तारेचा तुकडा घालावा. धातूच्या आकृत्यांत शिसं असू शकतं, म्हणून घासकाम झाल्यावर हात धुवा आणि घरात लहान मूल असेल तर कीस लगेच पुसून घ्या. फटी भरायला एम-सील चालतं. ओल्या बोटाने दाबून बसवा आणि कडक व्हायच्या आत आकार द्या. बंदूक छातीला चिकटून असेल तर ती नंतर लावण्याचा मोह होतो. पायदळात तो टाळा. मागे जिथे ब्रश पोचत नाही, तिथे नजरही पोचत नाही.

रंगांचं सांगतो. घरात पोस्टर कलर असतील तर ते बाजूला ठेवा. ते सुकल्यावरही पाणी लागलं की पुन्हा सुटतात, म्हणजे दुसरा हात देताना पहिला हात वर येतो. नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात कॅम्लिनचे आणि फेविक्रिलचे ॲक्रिलिक मिळतात, ते सुकले की सुटत नाहीत. पण त्यांचा रंगकण जाडसर आणि रंग दाट, म्हणून मी ते जमीन, भिंती, घरं, झाडं यांना वापरतो आणि शिपायांसाठी वायेहोसारखे (Vallejo) आकृत्यांचेच रंग घेतो. आख्खा संच घेऊ नका. ब्रिटिश पायदळाला गडद लाल, उजळ लाल, काळा, करडा, हस्तिदंती, पांढरा, त्वचेचा रंग, लाकडाचा तपकिरी, एक चंदेरी, एक पितळी आणि तपकिरी वॉश, एवढ्यात भागतं. पैसे घालायचे ते या बाटल्यांत आणि एका चांगल्या ब्रशमध्ये. बाकी सगळीकडे काटकसर चालते. ब्रश एक नंबरचा, टोक धरणारा, पोटात पाणी धरणारा. शून्याच्या खालचे ब्रश लोक हौसेने घेतात, पण त्यांच्या टोकावरचा रंग आपल्या हवेत शिपायापर्यंत पोचायच्या आत सुकतो. केसांच्या मुळाशी पत्र्यात रंग जाऊ द्यायचा नाही, आणि काम झालं की साबणाने धुऊन टोक करून ठेवायचं.

कोरड्या हवेवरचा इलाज म्हणजे ओली पॅलेट. झाकणाचा चपटा डबा घ्या, तळाला ओला स्पंज किंवा टिश्यूच्या घड्या, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. खालून ओल येत राहते आणि मे महिन्यातही रंग तासभर सहज टिकतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही. पंखा थेट पॅलेटवर नको. पाणी बोअरचं वापरू नका. क्षार जास्त असले की पातळ रंग आणि वॉश सुकल्यावर खळग्यांत पांढुरकी साय उरते, आणि माणसाला वाटतं रंगच खराब आहे. इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, पाच लिटरचा कॅन वर्ष काढतो.

रंग किती पातळ हवा, हे सगळ्यांना अडतं. ब्रशने पॅलेटवरचा रंग घ्या, ब्रश फडक्याला टेकवून जादाचं टिपून घ्या आणि अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. रेघ सलग यावी, कडेने फुटून नखाच्या खाचेत पळू नये, आणि ब्रशच्या केसांचे ओरखडे तिच्यात दिसू नयेत. पळाली तर पाणी जास्त, ओरखडे दिसले तर कमी. प्रत्येक वेळी नखावर बघूनच शिपायाला हात लावा. चार दिवसांत हाताला सवय होते.

एका लाल डगल्यावर मी कसा जातो ते सांगतो, त्यात बहुतेक सगळं आलं. प्रायमर करडा. डगल्यावर गडद लाल, दोन पातळ हात. एका जाड हाताने शिवण आणि बटणं बुजतात. सुकल्यावर तपकिरी वॉश, तोही नुसत्या डगल्यावर. लालवर काळा वॉश मारू नका, कापड मळकट आणि मेल्यासारखं दिसतं. वॉश खळग्यांत उतरला की कोपर, खांदे, घड्यांचे उंचवटे यांवर उजळ लालचा एकेक फटका. मग छातीवरचे आडवे-तिरपे पट्टे. ते थेट पांढरे करू नका. आधी करड्या रंगाने पट्टा पूर्ण काढा, मग मधोमध हस्तिदंती, कडेला करड्याची केसाएवढी रेघ सोडून. ती रेघ राहिली की पट्टा लालपासून सुटा दिसतो, आणि लांबून बघणाऱ्याला शिपाई नीटनेटका का वाटतोय ते कळतही नाही. शुद्ध पांढऱ्याचा ठिपका फक्त पट्टे एकमेकांना छेदतात तिथे. चेहऱ्याला त्वचेचा रंग, वॉश, मग नाक, गालाची हाडं आणि हनुवटीवर तोच मूळ रंग पुन्हा. टोपीच्या छज्ज्याखाली सावली राहिली की डोळे आहेत असंच वाटतं.

हे सगळं एकेका शिपायावर करायचं नाही. दहा जण घ्या, प्रत्येकाला बाटलीच्या टोपणावर दुहेरी टेपने उभं करा आणि दहाही जणांचा डगला एका बैठकीत. दहाव्याचा होईतो पहिल्याचा सुकलेला असतो. सगळं धरून एका शिपायाला पाऊण तास, म्हणजे चाळीस जणांना तीस तास. रोज एक तास दिला तर एक महिना, सणवार धरून सव्वा. पण एक शिस्त पाळा: पहिले दहा तळाच्या मातीसकट, वार्निशसकट पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या दहांना प्रायमर नाही. पूर्ण झालेले दहा शिपाई समोर कपाटात उभे असले की पुढचे दहा होतात. अर्धे रंगवलेले चाळीस समोर असले की काहीच होत नाही.

मराठ्यांचं सैन्य करता येईल का? जरूर करा, आणि त्यासाठी तुम्हाला लांब जायला नको. २० फेब्रुवारी १८१८ ची अष्टीची लढाई आपल्याच जिल्ह्यातली, मोहोळ तालुक्यातली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथे पडले, दुसरे बाजीराव निसटले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. ती मुख्यतः घोडदळाची गाठ होती. पण तुमच्या हातात आहे पायदळाचा खोका, तर त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं सोलापूर घ्या. पेशव्यांचं पायदळ आणि तोफा भुईकोटाच्या आश्रयाला आल्या होत्या. इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने आधी पेठ घेतली आणि मग काही दिवसांत किल्ला पडला. त्या फौजेत गोरे शिपाई होते तसे मद्रासकडचे देशी शिपाईही होते, त्यामुळे तुमचे लाल डगले वाया जात नाहीत. देशी पलटणींची शिरस्त्राणं मात्र वेगळी होती, ती बदलावी लागतील. ज्या किल्ल्यात आपण लहानपणी सहलीला गेलो त्याचीच तटबंदी टेबलावर उभी करायची, यापेक्षा चांगलं पहिलं सैन्य मला सुचत नाही. थोडं मागे जायचं असेल तर माचणूरजवळ ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षं होती, तोही विषय मोठा आहे.

अडचण एवढीच की प्लास्टिकच्या खोक्यांत युरोप भरपूर आणि आपल्याकडचं सैन्य कमी. बहुतेक आकृत्या धातूच्या, बाहेरून मागवायच्या, किंवा थ्रीडी प्रिंट करून घ्यायच्या. म्हणून मोठी ऑर्डर देऊ नका. बारा पायदळ, सहा स्वार आणि एक तोफ एवढ्यावर सुरुवात करा.

मराठी सैन्य रंगवताना खरी कसोटी पांढऱ्याची. बहुतेकांना गणवेश नाही, अंगरखे आणि पागोटी सुती, आणि सुती कापड उन्हात, धुळीत, घामात वेगवेगळं उतरतं. सगळ्यांना एकच पांढरा दिला तर ते शाळेच्या संचलनाला निघालेले दिसतात. मी पायाचे, म्हणजे सगळ्यात खालच्या थराचे, तीन रंग ठेवतो: उबदार करडा, फिकट खाकी आणि मातकट पिवळसर, आणि तिन्हींच्या वरचे उंचवटे एकाच हस्तिदंतीने उजळतो. पाया वेगळा म्हणून माणसं वेगळी दिसतात, वरचा रंग एक म्हणून सैन्य एक राहतं. पागोट्यांना मात्र मोकळा हात द्या. लाल, केशरी, हिरवट, थोडी गुलाबी, पण बारा जणांत चारपेक्षा जास्त रंग नकोत, आणि त्यातला एक रंग तोफेजवळच्या निशाणाशी जुळू द्या. घोडे भीमथडीच्या तट्टांसारखे आटोपशीर, काटक दिसायला हवेत. बाहेरच्या आकृत्यांतले थोराड घोडे मराठा स्वाराखाली खटकतात, त्यामुळे हलक्या घोडदळाचे घोडे बघून घ्या. तांबूस तपकिरी अंग, काळी आयाळ आणि गुडघ्याखाली काळे पाय, हा रंग बहुतेकांना द्या आणि सहात एखादाच करडा.

तळाची जमीन ही मला या छंदातली सगळ्यात आवडती गोष्ट, आणि इथे सोलापूरकराला सगळं फुकट मिळतं. नव्या मंडळींना वाटतं हिरवं गवत लावलं की झालं. हिरवंगार कुरण इंग्लंडचं. आपल्याकडे फेब्रुवारीत ज्वारीची काढणी चाललेली असते, जमिनीला भेगा, कडेला मुरूम, आणि मे महिन्यात तर गवताची काडी दिसत नाही. थोडी काळी माती आणि थोडा मुरूम आणा, तव्यावर चांगला भाजा म्हणजे ओल आणि किडे जातात, मग चहाच्या गाळणीने चाळा. तळाला पातळ फेविकॉल लावून चाळलेला मुरूम दाबायचा, मधूनमधून दोन-तीन मोठे खडे. वाळल्यावर वरून पाण्यासारखं पातळ फेविकॉल ड्रॉपरने सोडायचं, नाहीतर खेळताना माती झडते. काळी माती जशी आहे तशी ठेवली तर लहान आकारात नुसता काळा डाग दिसतो. तिच्यावर कोरड्या ब्रशने फिकट तपकिरी आणि मग हस्तिदंती अगदी हलका फिरवा, ढेकळं वर येतात. ज्वारीच्या धसकटांसाठी केरसुणीचे काडे बारीक कापून ओळीत रोवा, आणि वाळक्या गवताला काथ्या. तळ एमडीएफचे लेझर कटिंगवाल्याकडून एकदम कापून घ्या, पायदळाला २५ मिलिमीटरचे गोल, स्वाराला २५ बाय ५०, जाडी दोन मिलिमीटर. माळवदाची घरं करायलाही तोच एमडीएफ, वर एम-सीलचा हात आणि तीच चाळलेली माती.

वार्निश चुकवू नका. आपले हात घामेजतात, आणि चार डावांत टोप्यांवरचा, संगिनींवरचा रंग उडतो. मॅट वार्निश द्या, पण पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट दिवसांत, स्प्रेचं वार्निश पांढरं धरतं आणि आख्खं सैन्य धुक्यात गेल्यासारखं होतं. त्या दिवसांत ब्रशने लावायचं वार्निश वापरा. ठेवायला पत्र्याची पेटी आणि प्रत्येक तळाखाली चुंबकी पट्टीचा तुकडा: हलत नाहीत, धूळ बसत नाही. पत्र्याच्या छताच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत रेझिनच्या आकृत्या ठेवू नका, भाले वाकतात. वाकलेच तर गरम पाण्यात बुडवून सरळ करायचे आणि लगेच थंड पाण्यात धरायचे.

राहिलं खेळायचं. सोलापुरात समोर बसणारा स्वतःचं सैन्य घेऊन येईल ही वाट बघू नका. दोन्ही बाजू तुम्हीच रंगवा, म्हणजे बहीण, मित्र, शेजारचा मुलगा, कुणालाही बसवता येतं. पहिला डाव दहा विरुद्ध दहा, जेवणाच्या टेबलावर, एका घराच्या आणि दोन कुंपणांच्या भोवती. बहुतेक नियमपुस्तिकांत अंतरं इंचात असतात, तेव्हा शिंप्याची टेप जवळ ठेवा. ती मऊ असल्याने शिपाई पाडत नाही.